नव्या संगणकासाठी डिस्क-ड्राइव्ह निवडताना

गेल्या दिवाळीच्या सुटीत माझ्या नातवाने परळीच्या घरी सुटे भाग जोडून संगणक उभा केला. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएमपीएस यांची परस्परांशी जुळणी त्याने आधी कागदावर पडताळून पाहिली होती. उभी हयात बँकेत गेल्यामुळे ताळमेळाची ही पद्धत मला मनापासून भावली. संगणक सुरू झाला, तेव्हा मी कपाटातून पत्र्याचा डबा आणला आणि विचारले, "या सीडी कोठे घालायच्या?" तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "आजोबा, या कॅबिनेटला तशी जागाच नाही."

डब्यात चौदा तबकड्या होत्या. मुलीच्या लग्नाच्या तीन व्हीसीडी, छायाचित्रांच्या काही सीडी आणि हँडीकॅमवर २००८ साली भरलेली ८ सेंटीमीटरची एक लहान डीव्हीडी. त्या लहान तबकडीत माझ्या आईचे बोलणे आहे. आई २०११ मध्ये गेली. तिचा आवाज अन्यत्र कोठेही नाही.

असे डबे अनेक घरांत असतील, म्हणून या खटाटोपात जे उमगले ते येथे मांडतो.

पहिली बाब जागेची. नेहमीच्या आकाराचा ड्राइव्ह कॅबिनेटच्या सव्वापाच इंची खणात बसतो. हल्लीच्या अनेक कॅबिनेटमध्ये पुढील बाजूस पंखे किंवा काच असते आणि हा खण वगळलेला असतो. तबकड्या वाचावयाच्या असतील, तर हा विचार कॅबिनेट विकत घेण्यापूर्वीच करावा.

दुसरी बाब जोडणीची. २००४ च्या जुन्या संगणकातील ड्राइव्ह काढून बसवावा, अशी काटकसरीची कल्पना मी मांडली होती. परंतु त्याच्यामागे आयडीई पद्धतीची, ४० पिनांची रुंद पट्टी होती आणि ती लावण्याची सोय नव्या मदरबोर्डवर नव्हती. आता साटा पद्धतीचा ड्राइव्ह लागतो. त्याला माहितीसाठी एक अरुंद केबल मदरबोर्डवरून आणि विजेसाठी दुसरी एसएमपीएसवरून द्यावी लागते. साटाच्या पिढ्यांची चिंता करू नये. २४ पट वेगाचा डीव्हीडी ड्राइव्ह सेकंदाला सुमारे ३३ मेगाबाइट वाचतो, तर साटाच्या पहिल्याच पिढीची क्षमता १५० मेगाबाइटची आहे. मात्र काही मदरबोर्डवर एम.२ प्रकारची डिस्क बसविली की एखादे साटा पोर्ट बंद पडते. सोबतच्या माहितीपुस्तिकेत हे नमूद असते, ते आधी वाचावे.

तिसरी बाब आपल्याजवळील तबकड्यांची. साधा डीव्हीडी रायटर ७०० मेगाबाइटची सीडी आणि ४.७ गिगाबाइटची डीव्हीडी, दोन्ही वाचतो. ब्लू-रे तबकडीला मात्र निळसर जांभळ्या लेसरचा स्वतंत्र ड्राइव्ह लागतो. घरात ब्लू-रे नसेल, तर त्यापायी अधिक पैसे मोजण्याचे कारण नाही. लहान तबकडीसाठी ट्रे बाहेर येणारा ड्राइव्हच घ्यावा. त्या ट्रेमध्ये लहान तबकडीसाठी आतील खोलगट वर्तुळ असते. फटीतून तबकडी आत ओढणाऱ्या ड्राइव्हमध्ये ती घालू नये, अडकून बसते.

खण नसल्यामुळे आम्ही यूएसबीवर चालणारा बाह्य ड्राइव्ह घेतला. त्याला वीजही त्याच तारेतून मिळते, म्हणून तो हबमध्ये न लावता संगणकाच्या मागील पोर्टमध्ये थेट लावावा. नव्या विंडोजमध्ये डीव्हीडी चित्रपट दाखविण्याची सोय अंगभूत नसते. व्हीएलसी हे विनामूल्य सॉफ्टवेअर ती उणीव भरून काढते, आणि व्हीसीडीतील डॅट फाइलीही त्यात चालतात. लग्नाच्या तिन्ही तबकड्या लागल्या.

आईची तबकडी घातली आणि पडद्यावर आले, की ती कोरी आहे. तिच्यावर काय भरावयाचे?

माझे हात थंड पडले. नातवाने शांतपणे 'रद्द' दाबले. त्याने नंतर उलगडा केला. हँडीकॅमवर चित्रण झाल्यावर तबकडी 'फायनलाइज' करावी लागते. ते राहिले, तर इतर यंत्रांना ती कोरी भासू शकते. माझ्या भाषेत सांगायचे, तर रोजकीर्द लिहिली होती, पण अखेरची बेरीज आणि सही राहून गेली होती. चूक माझीच, सतरा वर्षांपूर्वीची. त्या क्षणी आम्ही तबकडीवर काही भरले असते, तर आईचा आवाज कायमचा गमावण्याची वेळ आली असती.

सुदैवाने माळ्यावर तो जुना हँडीकॅम सापडला. बॅटरी निकामी होती, पण अॅडाप्टरवर तो चालू झाला. त्याच्याच मेनूतून तबकडी पूर्ण केली आणि मग नव्या ड्राइव्हने ती वाचली. २२ मिनिटांचे चित्रण मिळाले. दोन ठिकाणी चित्र गोठते, पण आवाज शाबूत आहे. आई माहेरची नाती गावांच्या नावांसह सांगते आहे. मांडीवर वर्षभराचे मूल आहे. मध्येच ती मला दटावते, "आधी जेवून घे, मग ते यंत्र लाव." मांडीवरचे ते मूल म्हणजेच संगणक जोडणारा हा नातू. पणजीचा आवाज त्याने जाणतेपणी प्रथमच ऐकला.

घरी भरलेल्या तबकड्यांत सेंद्रिय रंगाचा थर असतो. ऊन आणि उष्णता यांनी तो विटत जातो, आणि आपल्या मराठवाड्याचा उन्हाळा आपण जाणतोच. तेव्हा ड्राइव्ह आला की पहिले काम नक्कल करण्याचे. एक नक्कल संगणकात, दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर, शक्य तर दुसऱ्या गावी. आमची दुसरी नक्कल मुलीकडे पुण्याला गेली. 'कोरी आहे' असे सांगणाऱ्या तबकडीवर काहीही लिहू नये. आणि जुना कॅमेरा भंगारात देण्यापूर्वी त्याच्या सर्व तबकड्या एकदा लावून पाहाव्यात.