पुलाची थरथर

काशीच्या राजा घाटावर एका संध्याकाळी पुण्याहून आलेली चार मुलं गिटारवर ‘तू किसी रेल सी’ गात होती. छान गात होती. गाणं संपल्यावर त्यांच्यातली एक मला म्हणाली, “काका, यापेक्षा रोमँटिक गाणं सांगून दाखवा!” मी हसून मान डोलावली. त्या मान डोलावण्याची अजून लाज वाटते, म्हणून हे लिहितो आहे.

गाणं 2015 सालच्या ‘मसान’मधलं. दुष्यंतकुमारांचा एक शेर घेऊन वरुण ग्रोव्हर यांनी ते रचलं, दिल्लीच्या इंडियन ओशन या रॉक बँडनं संगीत दिलं, इंदूरच्या मराठी घरातले स्वानंद किरकिरे गायले. दिग्दर्शक नीरज घायवानही मराठी घरातले. आपण दलित आहोत हे ते जाहीरपणे सांगतात. घाट अमृतराव पेशव्यांचा म्हणून ‘आपला’, तसं गाणंही ‘आपलं’ म्हणायला आपण मोकळे. फक्त ते कोणासाठी गायलं गेलं, एवढं विचारायचं नाही.

ते दीपकसाठी आहे. दीपक डोम, त्याच्या घरचे हरिश्चंद्र घाटावर चिता पेटवतात. शालू सवर्ण. गाडी धडधडत निघून जाते, पूल जागच्या जागी थरथरतो, ही प्रतिमा दीपकच्या वाट्याला आली की तिचा अर्थ पालटतो. गाडीला पुढची स्टेशनं असतात, पुलाला जागा सोडता येत नाही. त्या थरथरीत आनंद आहे, आणि हिला कळलं तर, ही धास्तीही आहे. घर कुठंय म्हणून ती खनपटीला बसते तेव्हा कुठं तो सांगतो, तेही ओरडून.

“पण गाण्यात जातीचा शब्दसुद्धा नाही,” असं मला ऐकवतात. नाहीच. लपवणारा तो उच्चारील कसा? “गाणं एकदा बाहेर पडलं की ज्याचं त्याचं,” हेही मान्य. लग्नात गा, विरहात गा. पण सगळ्यांचे अर्थ चालतात आणि दीपकचाच तेवढा ‘राजकारण’ ठरतो, तेव्हा त्या रसिकतेला मी सोय म्हणतो. दुष्यंतकुमारांनी हिंदी गझल रस्त्यावर आणली. त्यांचाच शेर आपण पुन्हा दिवाणखान्यात नेऊन बसवला.

मराठीत ‘मसण’ हा शब्द आपण शिवीपुरता ठेवला आहे. मसणजोगी नावाची भटकी जमात आपल्याकडेही आहे. तिच्यावर गाणं कोणी केलं, तर तेही आपण असंच धुऊन घेऊ.

राजा घाटाच्या एका अंगाला हरिश्चंद्र, दुसऱ्या अंगाला मणिकर्णिका. दोन्हीकडे चिता जळत असतात आणि मधल्या पायऱ्यांवर ती मुलं गात होती. त्यांनी गाऊ नये असं मी म्हणणार नाही. ती मुलगी पुन्हा भेटली तर मात्र मान न डोलावता एवढंच विचारीन: “बाळ, यातली गाडी कोण आणि पूल कोण?” मग म्हणेन, आता पुन्हा गा.