बंदूक आमची, पण विद्या कोणाची?

२०२४ च्या ऑगस्ट महिन्यांत भारत सरकारनें अमेरिकेच्या सिग सावर कंपनीशीं ७३,००० रायफलींचा करार केला. हा दुसरा करार. पहिला २०१९ च्या फेब्रुवारींतला; तो ७२,४०० रायफलींचा होता व सर्वांत कमी बोली म्हणून या कंपनीस मिळाला होता. त्या वेळीं ही केवळ निकडीची खरेदी आहे, असें सांगण्यांत आलें. निकड पांच वर्षें टिकली असें आतां म्हणावें लागतें. पहिल्या खेपेस सुमारें ७०० कोटी रुपये पडले, दुसऱ्या खेपेस सुमारें ८३७ कोटी. म्हणजे जी रायफल नगास एक लाखाच्या आंत आली होती, ती पुन्हा घेतांना लाखाच्या वर गेली. रुपयाची घसरण हें त्याचें एक कारण असेल. पण परकी मालाचा भाव आपल्या हातीं नसतो, हीच तर आमची तक्रार आहे.

तथापि, "परकी शस्त्र नको" एवढें म्हणून हात झटकण्याचा आमचा विचार नाहीं. स्वदेशीचा अभिमान आम्हांस कोणाहून कमी नाहीं. परंतु बर्फांत उभा राहणारा शिपाई आमच्या अभिमानावर गोळी झाडूं शकत नाहीं, त्याला बंदूकच लागते. घरच्या धोतराचा पोत जाडाभरडा असला तर आपण तें सोसतों व त्यांत धन्यता मानतों. बंदुकीचा घोडा अडला तर सोसणाऱ्यास पुन्हा तक्रार करण्याची संधि मिळेलच असें नाहीं. यासाठीं या प्रश्नाचा निवाडा भावनेनें न करतां पुराव्यानें केला पाहिजे.

पुरावा दोन्ही बाजूंस आहे. १९६२ सालीं चिनी सैन्य आपोआप भरणाऱ्या बंदुका घेऊन आलें, त्या वेळीं आमच्या जवानांच्या हातीं प्रत्येक गोळीनंतर हातानें खिटी ओढावी लागणारी .३०३ ची ली-एनफील्ड होती. बंगाल्यांतील ईशापूरच्या सरकारी कारखान्यांत ती बनत होती, म्हणजे ती स्वदेशीच होती. पण जुनी होती. पुढें १९८० नंतर आमच्या पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेनें इन्सास ही रायफल आंखली. ती येण्यास विलंब लागला, इकडे काश्मिरांत आग भडकली, आणि मधल्या काळांत पूर्व युरोपांतून एके जातीच्या रायफली मोठ्या संख्येनें आणाव्या लागल्या. तहान लागल्यावर विहीर खणणें म्हणतात तें हें. शेवटीं इन्सास आली, आणि १९९९ मध्यें कारगिलच्या थंडींत तिच्या गोळ्यांच्या पेटीचें प्लास्टिक तडकूं लागलें, रायफल अडकूं लागली, अशा तक्रारी झाल्या. २००५ मध्यें नेपाळच्या कालीकोट जिल्ह्यांत त्या देशाचे ४३ सैनिक मारले गेले, तेव्हां नेपाळी सैन्यानें या रायफलीस दोष दिला. आमच्या बाजूनें उत्तर गेलें कीं ती नीट वापरली गेली नाहीं. नाचतां येईना अंगण वांकडें, ही म्हण त्या दिवशीं नक्की कोणास लागू होती, याचा निकाल एखाद्या तटस्थ पंचानें दिला असता तर बरें झालें असतें.

पण असा पंच अस्तित्वांतच नव्हता, आणि आमच्या मतें सर्व रोगाचें मूळ येथें आहे. १९५६ च्या औद्योगिक धोरणानें शस्त्रनिर्मिति सरकारकडे राखून ठेविली. तो काळ पाहतां त्यांत चूक होती असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु परिणाम असा झाला कीं बंदूक बनविणारे कारखाने संरक्षण उत्पादन विभागाचे. ती तपासून शिक्का मारणारें गुणवत्तेचें खातेंही त्याच विभागाचें. आणि ती घेण्यावांचून लष्कराला गत्यंतर नाहीं. दाव्यांत जो पक्षकार, तोच न्यायाधीश. कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ही रचना टिकणार नाहीं हें कळतें. दिल्लीच्या कचेरींत मात्र ती अनेक दशकें टिकली. १९३० च्या मालविक्रीच्या कायद्यांत अशी तरतूद आहे कीं खरेदीदारानें विशिष्ट कामासाठीं वस्तु मागितली आणि विक्रेत्याच्या कौशल्यावर विसंबून घेतली, तर ती त्या कामास योग्य असलीच पाहिजे. गल्लींतल्या शिंप्याला व लोहाराला लागू असलेला हा नियम सरकारी बंदुकीस कोण लावणार? विक्रेताही सरकार, खरेदीदारही सरकार, आणि ज्याच्या जिवावर साऱ्या व्यवहाराची जोखीम तो शिपाई करारांत पक्षकारच नाहीं! २०२१ च्या ऑक्टोबरांत जुनें मंडळ मोडून त्याच्या सात कंपन्या केल्या, हें ठीक झालें. पण पाटी बदलल्यानें पंच नेमला जात नाहीं.

खरेदीदाराचेंही सर्व शहाणपणाचें वर्तन आहे असें नाहीं. २०११ मध्यें नळी बदलून दोन जातींचीं काडतुसें झाडणारी रायफल परदेशांतून मागविण्यांत आली. चार वर्षें कागद हिंडले आणि २०१५ मध्यें सारी निविदा रद्द झाली. ज्याची मागणीच दर पांच वर्षांनीं बदलते, त्याच्यासाठीं कोणता कारखानदार यंत्रें मांडून बसेल? आणि मागणी बदलली म्हणजे मग बाजारांत तयार असेल तें, मिळेल तेथून, स्वस्त दिसेल तें घ्यावें लागतें.

स्वस्त दिसेल तें, असें आम्ही मुद्दाम म्हटलें. बंदुकीची किंमत ती विकत घेतांना संपत नाहीं. इन्सासचें काडतूस ५.५६ मिलिमीटरचें, एकेचें ७.६२ चें, सिगचेंही ७.६२ चेंच, पण एकेच्या काडतुसाची पुंगळी ३९ मिलिमीटर लांबीची, तर सिगच्या काडतुसाची ५१. एकाचें दुसऱ्यांत बसत नाहीं. एकाच सैन्यांत तीन जातींचा दारूगोळा वेगवेगळा सांठवावा, खेचरांवर लादून चौक्यांवर पोहोंचवावा, आणि ऐन वेळीं शेजारच्या तुकडीकडून उसना मागतां येऊं नये, हा खर्च कोणत्या बोलींत लिहिलेला असतो? शिवाय नळी झिजते, स्प्रिंग मोडते, टांचणी तुटते. दहा वर्षांनीं ती कंपनी तो सुटा भाग बनवीत असेल काय, आणि तिचें सरकार तो देऊं देईल काय, हें कोणी छातीठोक सांगूं शकत नाहीं.

येथें आम्हांस आपलाच एक जुना धडा आठवतो. महादजी शिंद्यांनीं आग्र्यास तोफा ओतण्याचा व बंदुकांचा कारखाना उभारला. सँगस्टर नांवाचा एक स्कॉच कारागीर तो चालवी, आणि तेथील बंदूक दहा रुपयांस पडे व विलायती बंदुकीच्या तोडीची असे, असें इतिहासकार लिहितात. म्हणजे माल देशी होता, स्वस्त होता आणि उत्तमही होता. तरी १८०३ मध्यें इंग्रजांशीं गांठ पडली, तेव्हां कवायती पलटणींचे युरोपियन सरदार एकामागून एक शिंद्यांना सोडून गेले. खुद्द सेनापति पेराँ इंग्रजांच्या स्वाधीन झाला. तोफा आमच्याच राहिल्या, त्या चालविण्याची व घडविण्याची विद्या मात्र पगारी पाहुण्यांच्या डोक्यांत होती, आणि पाहुणे निघून गेले.

या धड्याच्या उजेडांत अमेठीजवळच्या कोरवा येथील कारखान्याकडे पाहावें. रशियाशीं भागी करून तेथें एके-२०३ रायफली बनत आहेत. २०१९ मध्यें कारखान्याचा समारंभ झाला. किंमत व स्वामित्वधन यांची घासाघीस चालून ६,०१,४२७ रायफलींचा करार २०२१ च्या डिसेंबरांत झाला. आणि २०२४ च्या जुलैपर्यंत ३५,००० रायफली लष्करास पोहोंचल्या. परकी बंदूक पेटींत भरून आणण्यापेक्षां हें निःसंशय बरें. पण तेवढ्यानें आम्ही समाधान पावणार नाहीं. नळी ठोकून तिच्या आंत पेंच पाडणें, तिला क्रोमियमचा लेप देणें, खिटीच्या पोलादास योग्य तें पाणी चढविणें, या गोष्टी आमचा कारागीर रशियन तंत्रज्ञ शेजारीं नसतां करूं शकतो काय? उद्यां त्याच रायफलींत सुधारणा करावीशी वाटली, तर परवानगी कोणाची? करारांतलें या प्रश्नाचें उत्तर संसदेसमोर यावें, एवढें मागण्यानें कोणतेंही लष्करी गुपित फुटत नाहीं.

सुदैवानें परीक्षेची संधि समोर आहे. लष्करास हव्या असलेल्या सव्वाचार लाख कार्बाईनींसाठीं २०२५ मध्यें सर्वांत कमी बोली पुण्याच्या भारत फोर्जची आली, आणि त्या कार्बाईनीचा आराखडा पुण्याच्याच त्या संशोधन संस्थेचा आहे. आराखडा आपला, पोलाद घडविणारा आपला, मागणी मोठी. इन्सासच्या वेळीं जें केलें नाहीं तें आतां करावें. पहिल्याच हजार नगांची चांचणी सियाचिनच्या बर्फांत, थरच्या वाळूंत आणि कोंकणच्या पावसांत, उत्पादन विभागाच्या हाताखालीं नसलेल्या मंडळाकडून व्हावी. नापास झालेला माल कारखानदारानें आपल्या खर्चानें परत घ्यावा. आणि तो परकी आहे कीं देशी, सरकारी आहे कीं खाजगी, याकडे मंडळानें पाहूं नये. प्रत्येक तुकडींत शस्त्रदोषाची एक वही असावी व तींत शिपायानें स्वतःच्या सहीनें लिहावें. त्या वहींतील नोंद वरिष्ठाच्या शेऱ्यासाठीं न थांबतां थेट मंडळाकडे जावी, आणि वर्षांतून एकदां तिचा गोषवारा संसदेच्या संरक्षण समितीपुढें ठेवावा.