मोठा कुत्रा आणि लहान बाग

नांदेड व लातूर ह्या दोन्ही शहरांच्या कडेला जीं नवीं घरें उठत आहेत, त्यांच्या फाटकांवर ‘कुत्र्यापासून सावध राहा’ ही पाटी आतां पुष्कळ ठिकाणीं दिसूं लागली आहे. फाटकाच्या आंत दहा-पंधरा पावलांची बाग, दोन-चार गुलाब, एक तुळशीवृंदावन, आणि कोपऱ्यांत साखळीला बांधलेला वासराएवढा कुत्रा, असा तो थाट असतो. एवढ्याशा बागेच्या घरीं एवढा मोठा कुत्रा पाळावा कीं नाहीं, असा प्रश्न विद्यार्थी व त्यांचे पालक वारंवार विचारतात. आमचें मत असें आहे कीं, हा प्रश्न विचारण्याची रीतच चुकते. लोक बागेचें माप घेतात. घ्यावयास पाहिजे तें मालकाच्या दिवसाचें.

आपल्या मराठवाड्यांतील मेंढपाळ धनगराकडे पाहावें. मेंढरें घेऊन तो महिनेच्या महिने रानोमाळ हिंडतो. त्याला बाग नाहीं, कुंपण नाहीं. परंतु त्याचा कुत्रा बंगल्यांतल्या कुत्र्याहून सुखी असतो. कारण तो दिवसभर धन्याच्या बरोबर चालतो, त्याला काम असतें, आणि रात्रीं तो थकून झोंपतो. उलट, बागेंत मोकळा सोडलेला कुत्रा आपण होऊन व्यायाम करील, ही समजूत खोटी आहे. घटकाभर हुंगून झालें कीं तो फाटकाशीं येऊन बसतो आणि कोणीतरी बाहेर नेईल म्हणून वाट पाहतो. पुढें तो कंटाळतो, वाफे उकरतो, येणाऱ्याजाणाऱ्यावर भुंकतो. आणि मग मालक त्याला द्वाड ठरवून बांधून ठेवितो.

मोठ्या कुत्र्यांची आवड ह्या भागांत आजची नाहीं. लातूर जिल्ह्याच्या चाकूर तालुक्यांतील जानवळ हें गांव कारवानी कुत्र्यांकरितां प्रसिद्ध आहे. नांदेड जिल्ह्यांत लोहा तालुक्यांतील माळेगांव येथें मार्गशीर्षाच्या अखेरीस खंडोबाची यात्रा भरते. तेथें घोडे, गाढवें व उंट ह्यांच्या बाजाराबरोबर श्वानांचें प्रदर्शनही होतें. ज्या देवाच्या मूर्तींत व चित्रांत कुत्रा बरोबर असतो, त्याच्या यात्रेंत हें शोभूनही दिसतें. कारवानी म्हणजे लांब तोंडाचा, खोल छातीचा, आंवळ पोटाचा कुत्रा. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर तो इकडे आला, म्हणून त्याला हें नांव पडलें, असें सांगतात. त्याचा निकटचा भाऊबंद जो मुधोळचा कुत्रा, त्याचें चित्र 2005 सालीं आपल्या टपाल खात्यानें तिकिटावर छापलें होतें. ऊन, कोरडी हवा आणि साधी भाकरी ह्या कुत्र्याच्या अंगवळणीं पडलेली आहे. म्हणून आपल्या मातींतला कुत्रा पाळावा असें जे म्हणतात, त्यांचें म्हणणें आम्हांस मान्य आहे.

परंतु तेवढ्यानें लहान बागेचा प्रश्न सुटत नाहीं. कारवानी हा धांवण्याकरितां जन्मलेला प्राणी आहे. सशामागें धांवणें हें त्याचें पूर्वींचें काम; तें 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें बंद झालें, आणि झालें तें योग्यच झालें. मात्र काम गेलें तरी पाय गेले नाहींत. त्याला आठवड्यांतून कांहीं वेळां तरी मोकळ्या शेतांत भरधांव सोडलें पाहिजे. आणि कंबरेएवढी भिंत त्याला अडवूं शकत नाहीं, हेंही ध्यानांत ठेविलें पाहिजे. ह्याच्या उलट ग्रेट डेन हा त्याच्या दुप्पट वजनाचा कुत्रा घरांत बहुधा शांत पडून राहतो व नियमित फिरण्यावर समाधान मानतो. म्हणजे देह जितका मोठा तितकें मैदान मोठें, हा हिशेब बरोबर नाहीं. मात्र ग्रेट डेनचें आयुष्य बहुधा सात ते दहा वर्षांचेंच असतें, आणि पहिलें दीड वर्ष त्याचीं हाडें वाढत असल्यामुळें त्याला फार खाऊं घालणें किंवा उड्या मारावयास लावणें घातक होतें, हेंही घेणाऱ्यानें आधीं जाणावें.

जात निवडतांना लोक चित्र पाहतात, हवा पाहत नाहींत. सेंट बर्नार्ड ह्या केसाळ कुत्र्याची कीर्ति सर्वत्र आहे. आल्प्स पर्वतांतील सुमारें 2,470 मीटर उंचीच्या खिंडींत जो मठ आहे, तेथील साधूंनीं सतराव्या शतकापासून हे कुत्रे पाळले, आणि बर्फांत वाट चुकलेल्या प्रवाशांचे प्राण त्यांनीं वांचविले. त्या थोर कुळाविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. पण ज्या नांदेडांत मे महिन्यांत पारा 42 अंशांच्या वर चढतो, तेथें बर्फाकरितां बनलेला तो झगा घालून त्यानें कसें जगावें? मनुष्याला सर्वांगानें घाम येतो. कुत्र्याला मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करावें लागतें. त्या कुत्र्याला आपल्याकडे आणणें ही हौस नव्हे, निर्दयता आहे.

पाण्याचाही विचार केला पाहिजे. 2016 च्या एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें लातुरास पाणी आणावें लागलें, हें आपण विसरलों नाहीं. तीस किलो वजनाच्या कुत्र्याला एरवीं दिवसास दीड-दोन लिटर पाणी पिण्यास लागतें. उन्हाळ्यांत त्याहून अधिक. त्याची जागा धुण्याचें पाणी निराळेंच. ज्या घरीं टँकरची वाट पाहावी लागते, तेथें ह्या मुक्या जिवाचा वांटा आधींच बाजूला काढण्याची तयारी हवी.

कोणी म्हणेल, “कुत्रा राखणीकरितां आहे, तो बांधलेलाच असावा.” ह्याला आमचें उत्तर असें कीं, दिवसभर बांधलेला कुत्रा पोस्टमनवर, दूधवाल्यावर आणि मांजरावर सारखाच भुंकतो; मग चोर आला तरी त्याच्या भुंकण्याकडे घरचें कोणी पाहत नाहीं. शिवाय प्राण्यांस क्रूरपणें वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 सालच्या कायद्याचें 11 वें कलम ह्याविषयीं अगदीं स्पष्ट आहे. अवाजवी आंखूड किंवा जड साखळीनें जनावर फार वेळ बांधून ठेवणें हा तर अपराध आहेच. पण नेहमीं बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणें हाही मालकाचा अपराध आहे. आपल्या किती फाटकांच्या आंत हें कलम रोज मोडलें जातें, ह्याचा ज्यानें त्यानें विचार करावा.

आतां एक गोष्ट खास आमच्या विद्यार्थिवर्गास सांगावयाची आहे. पिल्लूं आणण्याचा हट्ट बहुधा आठवी-नववीचा मुलगा किंवा मुलगी धरते. दोनच वर्षांत दहावी येते. पुढें, ज्याला सारा महाराष्ट्र ‘लातूर पॅटर्न’ म्हणून ओळखतो, तो पहांटेपासून रात्रीपर्यंतचा अभ्यासक्रम सुरू होतो. आणि त्यानंतर मूल पुण्यास, मुंबईस किंवा त्याहून दूर जातें. कुत्रा मात्र दहा-बारा वर्षें तेथेंच असतो. ज्या हातांनीं त्याला आणलें, ते गेल्यावर त्याला फिरवावयाचें कोणी? बहुतेक घरीं हें काम आईच्या गळ्यांत पडतें, किंवा साखळीच्या. म्हणून घरांतील मोठ्या माणसांपैकीं एकानें तरी तें आपण होऊन पत्करलें असेल तरच पिल्लूं आणावें.

एवढें पत्करल्यावर लहान बाग अडचण करीत नाहीं. कडुनिंबासारखी दाट सावली, उन्हांत न तापणारी जागा, पुरेसें उंच कुंपण आणि सदैव भरलेलें भांडें एवढें तेथें असलें म्हणजे झालें. कण्हेर मात्र काढून टाकावी. ती विषारी आहे. पिल्लूं लहान असतांनाच त्याला माणसांची, मुलांची व रहदारीची ओळख करून द्यावी. कारण मोठ्या कुत्र्याची लहानशी खोडही शेजाऱ्यास भारी पडते. पिसाळीची लस वेळच्या वेळीं टोंचून घ्यावी. घरच्या कुत्र्याचा दांत लागला तरी जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवून त्याच दिवशीं दवाखाना गांठावा.

ज्यांस कुत्रा पाळण्याची खरी इच्छा आहे, त्यांस आम्ही एक साधी परीक्षा सुचवितों. पिल्लूं आणण्यापूर्वीं एक महिना रोज सूर्योदयापूर्वीं पाऊण तास आणि सायंकाळीं पाऊण तास, नुसती दोरी हातांत घेऊन चालून यावें. गोदावरीच्या घाटाकडे जावें, शाळेच्या मैदानाकडे जावें. पण पाऊस असो, पाहुणे असोत कीं परीक्षा असो, एकही दिवस चुकवूं नये. ज्याचा महिना निर्वेध पार पडेल, त्यानें खुशाल कारवानी आणावा. त्याची बाग चार पावलांची असली तरी चालेल. ज्याचा पहिल्याच आठवड्यांत खंड पडेल, त्यानें बागेंत आणखी एक गुलाब लावावा.