मुद्दलावर चाललेली मासेमारी

रविवारी सकाळी पिशवी घेऊन मासळीबाजारात जाणाऱ्यांना एक दृश्य आता अंगवळणी पडले आहे. टोपलीत वाटे लावलेले असतात आणि त्यातली पापलेटे तळहाताएवढीही नसतात. विचारले तर कोळीण म्हणते, "दादा, मोठं येतंच नाही आता." आपण थोडी घासाघीस करतो, वाटा घेतो आणि घरी येतो. ज्या माशाने अजून एकदाही अंडी घातलेली नाहीत तो आपल्या तव्यावर पडतो.

मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली. नव्वदच्या दशकात सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यावरच्या एका शाखेत होतो, तेव्हा एका तरुणाला ट्रॉलरसाठी कर्ज मंजूर केले. इंजिनाची किंमत, डिझेल, बर्फ, खलाशांचा पगार, एका फेरीची अंदाजे मासळी, महिन्याचा हप्ता, सारे प्रस्तावात व्यवस्थित होते. वडील जामीनदार म्हणून सही करायला आले. जन्मभर रापण ओढलेला माणूस. सही करून म्हणाले, "सायबानू, होडयेक कर्ज दिलास, पण दर्याक कोण देतलो?" मी हसलो. समुद्रात मासा किती शिल्लक आहे, याचा रकाना आमच्या अर्जात नव्हताच.

रापण म्हणजे काय, हे शहरातल्या मुलांना सांगायला हवे. होडीतून जाळे अर्धवर्तुळात टाकत परत किनाऱ्याला यायचे आणि दोन्ही टोके वाळूवर उभे राहून गावाने ओढायची. मिळेल त्या मासळीचे वाटे पडतात. मासा किनाऱ्याजवळ आला तरच रापणीला मिळतो, आणि तिची मर्यादा हीच समुद्राची ठेव सुरक्षित ठेवत होती.

पर्ससीन जाळ्याला ही मर्यादा नाही. बांगडा किंवा तारलीच्या थव्याभोवती जाळे फिरवायचे आणि बटव्याची दोरी ओढावी तसा त्याचा तळ आवळायचा, की थवाच्या थवा आत. त्यात एलईडी दिव्यांची भर पडली. रात्री जनरेटरवर प्रखर झोत पाण्यात सोडले की मासा आपणहून गोळा होतो, लहान-मोठा असा भेद राहत नाही. यातली बरीच हलकी आणि कोवळी मासळी माणसाच्या ताटातही येत नाही. ती फिशमीलच्या कारखान्यात दळली जाते.

कायदे नाहीत असे कोणी म्हणू नये. राज्याचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा आहे. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालावरून ५ फेब्रुवारी २०१६ रोजी पर्ससीनवर निर्बंध आले. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने एलईडी मासेमारीवर बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याने दंड वाढवला. एलईडीसाठी तो ५ ते २० लाख रुपये आहे. २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा झाला आणि ५४ जातींच्या माशांचे किमान आकारमान ठरले. जानेवारी २०२५ पासून ड्रोनही घिरट्या घालू लागले.

मग अडते कुठे? पहिली अडचण हद्दीची. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत राज्याचा अंमल, त्यापुढे २०० मैलांपर्यंत केंद्राचा. माशाला ही रेघ दिसत नाही, आणि मालवणच्या समुद्रात शिरणाऱ्या परराज्यातल्या वेगवान ट्रॉलरला ती पळून जाण्यापुरती पक्की ठाऊक असते. दुसरी अडचण, नौकेवर सापडतो तो पगारी खलाशी. मालक किनाऱ्यावर असतो.

तिसरी अडचण माझ्या जुन्या धंद्यातली आहे, आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. मासळी कमी झाली की नौका लांब जाते. लांब गेली की डिझेल वाढते. हप्ता मात्र तारखेला येतोच. मग शेजाऱ्याने दिवे लावले म्हणून आपणही लावायचे. नियम मोडणारे सगळेच धनदांडगे नसतात. कित्येक जण कर्जाच्या तगाद्याने त्या प्रकाशात ओढले जातात, अगदी माशांसारखे. मी कर्ज दिलेल्या त्या तरुणाचे हप्ते सुरुवातीला वेळेवर आले. पुढे थकले. माझी बदली होईपर्यंत त्याचे खाते संशयित यादीत गेले होते आणि ट्रॉलर खाडीत उभा होता. वसुलीच्या नोटिसा जामीनदारालाही जात. त्यांवर सही माझीच असे.

बँकेतला शिकाऊ कारकूनही जाणतो, की व्याज खावे, मुद्दलाला हात लावू नये. पावसाळ्यातली १ जून ते ३१ जुलै ही बंदी म्हणजे मुद्दल वाढू देण्याची मुदत. उरलेले दहा महिने आपण तेच मुद्दल उपसत असू, तर त्या दोन महिन्यांना अर्थ उरत नाही.

एप्रिल २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. कर्जे आता पुन्हा सुटतील. ती देताना नौकेच्या कागदांबरोबर तिचा जाळ्याचा परवानाही पाहावा, बंदी मोडलेल्या नौकेला अनुदानाचे डिझेल मिळू नये, आणि दंड खलाशाकडून नव्हे, मालकाच्या खात्यातून वसूल व्हावा. एवढे केले तरी ड्रोनहून अधिक काम होईल.

आणि आपण? पुढच्या रविवारी तळहाताएवढे पापलेट दिसले तर न घेता पुढे जावे. कोळीण रागावेल, रागावू द्या. त्या म्हाताऱ्याच्या प्रश्नाला मी तेव्हा उत्तर दिले नाही. दर्याला कोणी कर्ज देत नाही. त्याला फक्त सवड देता येते.