गुडघ्याचे माप

पनवेल तालुक्यातील बेलपाडा या गावाजवळून आज मेट्रो धावते. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी बेलापूर ते पेंधर हा मार्ग सुरू झाला, व त्यावरील एका स्थानकास बेलपाडा हे नाव लाभले. या परिसरात पूर्वी भातशेती होती. जन्मभर चिखलात वाकून लावणी केलेल्या एखाद्या आजीला आज स्थानकाच्या पायऱ्या चढताना गुडघा साथ देत नाही. दवाखान्यात तो किती वाकतो हे कोनमापकाने मोजतात. कंपासपेटीतील कोनमापकाचाच हा मोठा भाऊ होय! परंतु दोन फेऱ्यांमधील दिवसांत गुडघ्याची प्रगती किती झाली, याचा हिशेब कोणापाशीच नसतो.

हा हिशेब ठेवणारे साधन शास्त्रज्ञांनी शोधले आहे. तार ताणली असता तिचा विद्युतरोध वाढतो, हे पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून विख्यात झालेल्या विल्यम थॉमसन यांनी १८५६ मध्ये दाखविले. तथापि धातू अल्पच ताणतो. गुडघ्यावरील त्वचा पुष्कळ ताणते. म्हणून रबरासारख्या मऊ पट्टीवर कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचा थर देतात. त्यांची जाडी नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मीटरच्या शंभर कोटीव्या भागांत मोजतात. पट्टी ताणली की नळ्या दुरावतात व विजेची वाट बिकट होते. सैल सोडली की ती पुन्हा सुकर होते. या फरकावरून सांधा किती वाकला ते कळते. २०११ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी अशी पट्टी मूळ लांबीच्या सुमारे पावणेचार पट ताणून दाखविली आणि मोजे व हातमोजे यांत बसवून शरीराच्या हालचाली टिपल्या.

असे साधन प्रथम कोणास मिळावे? काही म्हणतील, आधी धनवान खेळाडू ते घेतील. पुढे ते स्वस्त होऊन सर्वांना मिळेल. परंतु आखडलेला सांधा तोवर थांबत नाही. उपचारावाचून तो अधिकच आखडतो. म्हणून कुबड्यांप्रमाणे अशा पट्ट्याही सार्वजनिक रुग्णालयांतून गरजूंना वापरण्यास मिळाव्यात, हेच न्याय्य होय.

मात्र पट्टीवर सर्वस्वी विसंबणेही योग्य नव्हे. घाम, उष्णता व वारंवार ताणणे यांमुळे नोंद चुकू शकते. शिवाय वेदना काही विद्युतरोधात मोजता येत नाही. गुडघा किती वाकला हे पट्टीने सांगावे. 'आजी, फार दुखते का?' हे मात्र जवळच्या माणसानेच विचारावे.