लवचीक जागा, पण कोणासाठी?

मुंबईत लहान धंदा काढू पाहणाऱ्याला भांडवलाइतकीच जागेची विवंचना असते. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली आणि मालकांनी ती तूट पगडीने भरून काढली. पगडी मोजणाऱ्याला जन्माचा गाळा मिळे. इतरांच्या वाट्याला जिन्याखालचा कोपरा येई.

१९९९ च्या कायद्याने पगडी वैध ठरविली खरी. परंतु मालकांचा ओढा ११ महिन्यांच्या 'लिव्ह अँड लायसन्स'कडे आहे. शिवाय महिन्याच्या बोलीवर टेबल-खुर्ची देणारी सामायिक कार्यालयेही निघाली आहेत. दोन-चार माणसांच्या धंद्याला ही सोय निःसंशय उपकारक आहे. मोठी अनामत अडकून पडत नाही. मात्र परवान्याने बसणाऱ्याला भाडेकरूचे संरक्षण नाही. मुदतीपूर्वी जागा सोडण्यास त्याला मज्जाव आणि महिन्याच्या सूचनेने त्याला उठविण्याची मालकाला मुभा, असा करार असेल तर लवचीकता एकट्या मालकाच्याच पदरात पडते.

याच कायद्याच्या ५५ व्या कलमान्वये करार लेखी व नोंदलेला हवा आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसल्यास, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत जागा घेणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. (दलाल हे आपण होऊन सांगेल, ही अपेक्षा भाबडीच!) उजेड, वारा आणि स्थानकापासूनचे अंतर पाहण्यापूर्वी सूचनेची मुदत पाहावी. जागा बदलली की वस्तू व सेवा कराच्या नोंदणीतील पत्ताही १५ दिवसांत बदलण्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि जुन्या पत्त्यावर येणारी गिऱ्हाइके वेगळीच.