आजीची वसाबी

सुशीबरोबर नाकात सण्णकन जाणारा तो हिरवा गोळा बहुतेकदा वसाबी नसतोच, बॉस! हॉर्सरॅडिश, मोहरी आणि हिरवा रंग. हे कळलं आणि ठरवलं, खरीखुरी वसाबी आपणच लावायची. रोप मागवलं आणि थेट दोडामार्गला आजोळी नेलं. पोफळीची सावली, पाटाचं पाणी... अजून काय हवं?

आजीने एकदाच बघितलं. ‘‘ह्या झाड थंडेचा. हंय कसा जगतला गो?’’

नाहीच जगलं. वसाबीला साधारण ८ ते २० अंश तापमान, वाहतं थंड पाणी आणि दीड-दोन वर्षांचा पेशन्स लागतो. कोकणात मार्चमध्येच पारा तिशीपार! आठवड्याभरात पानांनी माना टाकल्या.

मी हिरमुसले. आजीने पाट्यावर भिजवलेली मोहरी वाटली. चाखली, आणि तोच झणका, थेट नाकात! कारण दोघींचं रसायन एकच, अलाइल आयसोथायोसायनेट. चिरडल्यावरच ते तयार होतं आणि लगेच उडूनही जातं. म्हणून वाटायचं ऐनवेळी.

तेव्हा मंडळी, यंदा थंडीत बाल्कनीतल्या कुंडीत मोहरी पेरा. कोवळी पानंही सॉलिड लागतात!

निघताना आजी हळूच म्हणाली, ‘‘झाडासाठी तरी इलंस गो.’’

डोळ्यांत पाणी आलं. मोहरीमुळे नव्हे.